हाताने निघणारा क्लॅम्प

भोईवाड्यातले आमचे टॅक्सीवाले शेजारी गाडीच्या बॅटरीला लावायचा, पान्याशिवाय निघणारा क्लॅम्प बनवतायत. बोलता बोलता हवेतच स्क्रू पिळतात. नवा नमुना झाला की आधी माझ्याकडे येतात. "आजी, तुमच्या बोटांनी निघाला तर कुणाच्याही निघेल."

नाजूक दिसायच्या हौसेपायी तरुणपणी मी बरणीचं झाकणही नवऱ्याकडून उघडून घेत असे. आता बोटं खरोखर नाजूक झाली, तर त्यांना केवढी मागणी.

काल टॅक्सीच्या बॅटरीवरचा क्लॅम्प मी सहज काढला आणि ऐटीत त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे गाडी खड्ड्यात आपटली की हा आपोआप निघणार. जोर लावलात ना, आजी?"

खोटं बोलायचा फार मोह झाला. "नाही हो," मी म्हटलं.

ते क्लॅम्प घेऊन गेले. संध्याकाळी पुन्हा दारात हजर. "आता बघा. जरा चिवट केलाय."