सासूबाईंच्या मालकीची शांतता

लग्न होऊन मी जबलपूरला आले आणि वकिलीचा काळा कोट अंगावर चढवला, तेव्हा माझ्या पहिल्या पक्षकार घरातच निघाल्या: माझ्या सासूबाई. जबलपुरातल्याच गोरखपूर भागातल्या आमच्या महिला भजनी मंडळात त्या मुख्य गायिका होत्या. शेवटच्या कडव्याआधी त्या सगळ्यांना थांबवायच्या. पेटी बंद, टाळ बंद. ऐकणाऱ्यांचा जीव टांगणीला लागला की मग वरचा सूर असा लावायच्या की अंगावर काटा यायचा. खरं कारण दम्याचं होतं. त्या सुराआधी त्यांना श्वास भरून घ्यावा लागे. पण लोक त्या थांबण्यासाठीच यायचे, आणि सासूबाईंना त्याचा भारी अभिमान होता.

त्या वर्षी शहरातल्याच बडा फुहारा भागातल्या मंडळानंही तसंच थांबायला सुरुवात केली. सासूबाई फणफणत घरी आल्या.

"माझं थांबणं चोरून राहिल्या त्या! नोटीस पाठव."

"आई, स्वतः बांधलेल्या चालीवर कॉपीराइट मिळतो. गप्प बसण्यावर कसा मिळेल? तिथे काहीच नसतं."

"काहून नसतं? मी असते ना तिथे!"

यावर कायद्याचं उत्तर माझ्याकडे होतं, ते तोंडावर द्यायची हिंमत नव्हती. गणपतीतली भजन स्पर्धा होऊ द्या, मग बघू, असं म्हणून मी वेळ मारून नेली.

स्पर्धेत ते मंडळ आमच्या आधी गायलं. सासूबाई माझ्या शेजारी तोंड वाकडं करून बसल्या होत्या. शेवटचं कडवं जवळ आलं. पेटी थांबली, टाळ थांबले, हॉल चिडीचूप. तेवढ्यात मला बाजूला तो ओळखीचा श्वास ऐकू आला. मी त्यांचा हात धरेपर्यंत उशीर झाला होता. सासूबाईंनी खुर्चीतूनच वरचा सूर लावला!

मंचावरच्या बायका आ वासून बघत राहिल्या. मग त्यांची मुख्य गायिका खळखळून हसली. "अरे दीदी, वर या ना! हम तो आप ही का गा रहे हैं!"

सासूबाई पदर खोचून वर गेल्या आणि उरलेलं कडवं सगळ्यांनी मिळून गायलं. परीक्षकांनी दोन्ही मंडळं बाद केली. मला इतका आनंद झाला होता की मी उभी राहून टाळ्या पिटत होते.

रिक्षात मी विचारलं, "मग आई, नोटीस कधी पाठवू?"

"राहू दे," त्या म्हणाल्या. "चांगल्या थांबल्या पोरी. माझा श्वास पुरा भरला."