कुमुदताईंचा हसलेला अनारसा

कार्यक्रम सुरू व्हायची वेळ झाली की कुमुदताई गायब व्हायच्या. पडदा बांधून झालेला, माइक तपासून झालेला, प्रदीप पेटीवर बोटं फिरवतोय, आणि मुख्य बाईंचाच पत्ता नाही! पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी घाबरून शोधत सुटलो. ताई हॉलच्या दाराबाहेर उभ्या होत्या, हात मागे बांधून, आणि लोकांनी काढून ठेवलेल्या चपलांकडे टक लावून बघत होत्या.

"ताई, सगळे खोळंबलेत!"

"थांब रे लेखकराव. हे बघ. छोट्या चपला कशा पडल्यात? एक इकडे, एक तिकडे, एक पार उलटी. पोरं धावत आत गेलीत. आणि या मोठ्या बघ. जोडीने, नीट, बाहेर तोंड करून. म्हणजे ही मंडळी निघायच्या तयारीनेच आलीत." मग स्वतःशीच मान हलवून म्हणाल्या, "चला. यांच्याशी बोलायला हवं."

कुमुदताई बाहुल्यांचे खेळ करायच्या. हातात मोज्यासारख्या घालायच्या, बोटांनी नाचवायच्या बाहुल्या. त्यांचा मुख्य नट म्हणजे अप्पा तुरतुरे. कागदाच्या लगद्याचं डोकं, काळी टोपी, इस्त्रीचं धोतर आणि एक भुवई कायम वर चढलेली. अप्पांना जगातली कुठलीच गोष्ट पसंत नसे. त्यांची नात भिंगरी, दोन वेण्या आणि अखंड प्रश्न. ती प्रदीपच्या हातात असायची. प्रदीप कळव्याचा, दिवसा एका कंपनीत हिशेब बघायचा आणि सुट्टीच्या दिवशी आवाज बारीक करून भिंगरी व्हायचा. मी ठाण्यात जाहिराती लिहायचो. आमच्या बिल्डिंगमधल्या एका वाढदिवसाला ताईंचा खेळ होता, तो संपल्यावर सभ्यपणे म्हणालो, "मुलांना फार मजा आली हो."

"आणि तुला?"

"मी मागे होतो. जरा फोन चालू होता."

"दिसलं मला. म्हणूनच विचारलं." आणि बाहुल्या पिशवीत भरता भरता त्यांनी पुढचा प्रश्न टाकला, "लिहितोस म्हणे तू. मग असं काही लिही की तुला फोन खिशात ठेवावासा वाटेल."

त्या आठवड्यात मी त्यांच्या ठाकुर्लीच्या घरी पोचलो आणि पुढची कित्येक वर्षं तिथेच चहा पीत राहिलो.

ताईंनी आयुष्यभर कल्याणच्या टेलिफोन कचेरीत नोकरी केली होती. ऑपरेटर. हेडफोन लावून लोकांचे कॉल जोडून द्यायचे. नोकरी संपली, ती यंत्रंही गेली, पण ताईंची भाषा तिथलीच राहिली. दार उघडलं की "बोला!" म्हणायच्या. खेळ रंगला की त्यांच्या भाषेत 'लाईन लागायची'. नाही रंगला की 'नुसती घरघर'. प्रेक्षकांबद्दल त्यांचं एक ठाम मत होतं आणि ते त्या कुणालाही ऐकवायच्या, "लहान मुलांची लाईन एका रिंगमध्ये लागते. मोठ्यांची सदा एंगेज. पण म्हणून काय नंबर फिरवायचाच नाही?"

दर दिवाळीला आम्ही एक खास खेळ बसवायचो, नवी गोष्ट, नवी गाणी. आणि दर वर्षी नवरात्र संपलं की तोच वाद पेटायचा. दिवाळीचा खेळ कुणासाठी? मुलांसाठी की मोठ्यांसाठी?

प्रदीप मोठ्यांच्या बाजूने. "अरे यार, मुलांना काय, अप्पा नुसते शिंकले तरी हसतात. बोलावतं कोण आपल्याला? मोठे. मग त्यांच्यासाठी कर ना काहीतरी. जरा तिखट. नवरा-बायको, सोसायटीचं पार्किंग, थोडं राजकारण. मी बघितलंय, लोक फुल पागल होतात."

मी म्हणायचो, बाहुली मुलांची असते, तिच्या तोंडी पार्किंग शोभत नाही. मला वाटायचं ताई माझ्या बाजूने बोलतील. पण एका वर्षी त्यांनी टेबलावर हात आपटला. "प्रदीपचं करून बघू. मोठ्यांना दिवाळी नसते की काय?"

मग ठाण्याच्या एका हॉलमध्ये आम्ही फक्त मोठ्यांसाठी खेळ केला. काय दणका उडाला! अप्पा पार्किंगवरून भांडले, अप्पांनी व्हॉट्सअ‍ॅपचे शुभेच्छांचे मेसेज वाचून दाखवले, अप्पांनी नेत्यांच्या नकला केल्या. लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी राहिले होते. प्रदीप पडद्यामागे मला मिठ्या मारत होता. मी खूश, आयोजक खूश. ताई मात्र रिक्षात अप्पांची टोपी पुन्हा पुन्हा सारखी करत होत्या.

"काय झालं ताई? एवढे हसले की लोक!"

"हसले ना. पण कुणाकडे बघून हसले? मी पडद्याच्या फटीतून बघत होते. प्रत्येक विनोदाला शेजारच्याकडे बघायचे. तो हसतोय ना, मग आपण हसू. अप्पांकडे कुणी बघितलंच नाही रे. मुलं बघ, मुलं अप्पांवरून नजर काढत नाहीत. त्यांच्याशी बोलतात, भांडतात, उत्तरं देतात. मला मोठ्या माणसाचं उत्तर हवंय. एकाचं तरी. एकाने जरी अप्पांना उत्तर दिलं ना, तरी माझा कॉल लागला."

हे वेड त्यांच्या डोक्यात बसलं ते बसलंच. त्यात पुढच्या पावसाळ्यात त्यांचं मनगट दुखायला लागलं. बाहुलीवाल्याचा हात तासभर डोक्याच्या वर असतो. डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन करा आणि हे हात वर धरणं बंद करा. ताईंनी दिवाळीनंतरची तारीख घेतली आणि मला बोलावलं. "बोला लेखकराव. हा माझा शेवटचा दिवाळीचा खेळ. मुलांसाठी नको, मोठ्यांसाठी नको. अप्पा घरात एकटे आहेत आणि त्यांना अनारसे करायचेत. एवढंच. लिही."

"अनारसे? यात विनोद कुठंय?"

"तूप तापलं की दिसेल."

खेळ ठरला मानपाड्याच्या एका मोठ्या वसाहतीत. तिथल्या समितीचे अध्यक्ष सबनीस म्हणून होते. उंच, ताठ, हसू आलं तर दंड बसेल असा चेहरा. त्यांनी आम्हाला उभ्या उभ्या सूचना दिल्या. "बाहुल्या लहान मुलांसाठी असतात. मोठ्यांचा दिवाळी पहाटेचा कार्यक्रम वेगळा आहे. मुलांना आत बसवा, आई-वडील बाहेर चहा घेतील. वेळेत संपवा."

मी काही बोलणार तेवढ्यात ताई गोड आवाजात म्हणाल्या, "चालेल. फक्त एक करा. हॉलचं दार उघडं ठेवा. उकडतं."

संध्याकाळी हॉल मुलांनी भरून गेला. काही आयांना पोरं सोडवेनात म्हणून त्या भिंतीला टेकून बसल्या. बाकी मंडळी दाराबाहेर कागदी कपात चहा घेत उभी, सबनीस मधोमध. पेटी वाजली, अप्पा पडद्यावर आले आणि आल्या आल्या मुलांवर खेकसले, "काय रे, एवढी गर्दी? पाणी गेलंय का बिल्डिंगचं?" हॉल खिदळला. पहिल्या रिंगला लाईन!

मग अप्पांनी छोट्या कढईत खोटं खोटं तूप तापवलं. अनारसा सोडला. सगळं शांत. आणि अप्पा किंचाळले, "हसला! मेला हसला!"

मुलं लोळायला लागली. हसणारा अनारसा! एक मुलगा उभा राहून विचारत होता, "त्याला दात आहेत का?" पण भिंतीकडच्या बायका वेगळंच हसल्या. अनारसा तुपात पडून फुटला, पसरला की आपल्याकडे तो 'हसला' म्हणतात, हे त्यांना ठाऊक होतं, आणि अप्पांची फजिती त्यांना पुरती कळली होती. एकाच शब्दावर दोन हसू, एकाच वेळी! पडद्यामागे प्रदीपने माझ्याकडे बघून डोळे विस्फारले.

भिंगरीने विचारलं, "अप्पा, का हसला तो?"

"मला हसला गं. म्हणाला, आजी असताना कधी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाहीस. आता आलास होय?"

हे ताईंनी ज्या आवाजात म्हटलं, तो मी लिहिलेला नव्हता. अप्पांनी दुसरा अनारसा सोडला. तोही हसला. मग अप्पा हळूहळू समोर वळले, चढलेल्या भुवईनेच सगळीकडे बघितलं आणि विचारलं, "आता काय करू?"

"ऑनलाइन मागवा!" "चकली करा!" "आजीला फोन लावा!" पोरांनी गिल्ला केला. अप्पा प्रत्येकाला मान हलवून नाही म्हणत होते. ताईंचा हात थरथरायला लागला होता, दुसऱ्या हाताने त्यांनी तो कोपरातून धरला. लिहिलेल्या संहितेप्रमाणे इथे भिंगरीचं गाणं होतं. प्रदीपने तोंड उघडलं. ताईंनी डोळ्यांनी त्याला दटावलं. थांब.

आणि दारातून एक खणखणीत आवाज आला, "अहो, गूळ जास्त झालाय!"

सबनीस! हातात चहाचा कप तसाच, एक पाय उंबऱ्याच्या आत. सगळ्या मुलांच्या माना वळल्या. मला पडद्यामागे ओरडावंसं वाटत होतं. ताईंनी मात्र श्वासही मोठा घेतला नाही. अप्पांनी टोपी सावरली. "कोण बोललं?"

"मी. सबनीस."

"सबनीस, तुम्हाला काय कळतं हो त्यातलं?"

"कळतं म्हणूनच सांगतोय! थोडी तांदळाची पिठी घाला. पुन्हा मळा. आणि तूप एवढं कडकडीत तापवू नका, घाई नडतेय तुमची!"

"पिठी कशाला?" भिंतीकडून एक बाई म्हणाली. "केळं कुस्करून घाला अप्पा, पिकलेलं!"

"केळ्याने मऊ पडतील," दुसरीने तिला तोडलं. "अप्पा, माझं ऐका..."

बघता बघता बाहेरचे सगळे आत! चहाचे कप बाहेर कठड्यावर राहिले आणि मोठमोठी माणसं कागदाच्या लगद्याच्या एका म्हाताऱ्याला अनारसे शिकवायला लागली. मुलं ओरडत होती, आया ओरडत होत्या, अप्पा प्रत्येकाशी हुज्जत घालत होते, "एका वेळी एक! मी एकटा आहे!" संहिता माझ्या हातात चुरगळून गेली होती. पडद्यामागे, हात आभाळाला लावून, कुमुदताई रडत होत्या आणि हसत होत्या आणि अप्पांच्या आवाजात भांडत होत्या, तिन्ही एकदम. शेवटी तिसरा अनारसा सबनिसांच्या सूचनेनुसार तुपात पडला आणि हसला नाही. हॉलमध्ये जो जल्लोष झाला, तो क्रिकेटमध्ये जिंकल्यावर होतो तसला.

पुढची गंमत पाडव्याला घडली. सबनिसांचा फोन आला, "फराळाला या." ताईंनी हो म्हटलं, तर पलीकडून जरा अडखळत, "अप्पांना आणाल ना?"

ताई आणि मी गेलो. घरात दोघंच, सबनीस आणि त्यांच्या पत्नी सुनीताबाई. बाईंना कंपवाताचा त्रास होता, हात सतत थरथरत. मुलगा परदेशात. सुनीताबाई खुर्चीत बसून सांगायच्या आणि सबनीस करायचे, असा त्या घरातला फराळ होत होता. बाहेर कुणाला माहीत नव्हतं. सुनीताबाईंनी लोकांसमोर जाणं, बोलणं जवळजवळ सोडलं होतं.

ताईंनी अप्पांना हातात घातलं. सुनीताबाईंनी आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी थरथरत्या हाताने अनारसा उचलला आणि अप्पांच्या तोंडाशी धरला. अप्पांनी तो हुंगला, भुवई चढलेलीच होती. "सबनिसांनी केलाय?"

"हो. पहिल्या वर्षी सगळे हसले हो अप्पा. एक नाही सुटला. हे गॅस बंद करून खिडकीपाशी जाऊन उभे राहिले." आणि सुनीताबाई सांगत सुटल्या. हात थरथरायला लागले तेव्हाचं, पहिल्यांदा कप सांडला तेव्हाचं, मुलाला काहीच कळू दिलं नाही त्याचं. सबनीस दारात उभं राहून ऐकत होते. यातलं बरंचसं तेही पहिल्यांदाच ऐकत असावेत. एकदा अप्पा म्हणाले, "बाई, तुमचा हात माझ्यासारखाच हलतोय की!" मी दचकलो. आणि सुनीताबाई हसल्या. इतक्या हसल्या की सबनिसांना पाणी आणावं लागलं.

खाली आलो तेव्हा ताईंचं मनगट इतकं सुजलं होतं की अप्पा हातातून निघेनात. "राहू दे रे, तसेच जाऊ," म्हणत त्यांनी रिक्षाला हात केला. रिक्षावाल्याने वळून पाहिलं ते थेट अप्पांकडे. "कुठे काका?"

"ठाकुर्ली," अप्पा म्हणाले. ताईंनी मला कोपराने असं ढोसलं की बरगडी दुखली. "बघ! बघ! लाईन लागतेय लेखकराव! सगळ्यांची लागते! आपणच घंटी वाजायच्या आत फोन ठेवत होतो!" घर येईपर्यंत त्या अशाच चेकाळलेल्या लहान मुलीसारख्या बोलत होत्या.

ऑपरेशन झालं. हात पुन्हा वर गेला नाही. ताईंना त्याची फारशी खंत दिसली नाही. त्या आमच्या तालमींना येऊन बसायच्या, प्रदीपच्या हातात अप्पा कसे बसवायचे ते शिकवायच्या आणि "घरघर येतेय, पुन्हा!" म्हणून ओरडायच्या. एका श्रावणात, दुपारच्या झोपेतच त्या गेल्या.

ठाकुर्लीच्या त्या घरी भेटायला आलेल्या लोकांत सबनीस होते. ताईंच्या मुलीला भेटले, नमस्कार केला आणि जिना उतरताना मला बाजूला घेतलं. आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "अप्पा कुठे असतात आता?"

"प्रदीपकडे. कळव्याला."

त्यांनी मान डोलावली. चष्मा पुसला. "बरे आहेत ना?"

"बरे आहेत," मी म्हणालो.

"त्यांना म्हणावं, यंदा पाडव्याला नक्की या. सुनीता वाट बघतेय."

"सांगतो," मी म्हटलं, आणि तिथूनच प्रदीपला फोन लावला.