जाण्याआधीचं मावंदं

पेडगावच्या किशनरावांना हिशेब येत नाही असं कुणी म्हटलं असतं, तर त्यांच्या बायकोनं, पार्वतीबाईंनी, त्याला ओट्यावरूनच माघारी लावलं असतं. हिशेब त्यांना येतच होता. इतका येत होता की ते हिशेब मांडायला बसले, की ज्या कामासाठी मांडायचा ते काम बिचारं दाराशी ताटकळून निघून जायचं. विहिरीवर इंजिन बसवायचं ठरलं तेव्हा आधी इंजिनाच्या खोलीचा हिशेब झाला, मग खोलीच्या वास्तुशांतीचा, मग वास्तुशांतीला येणाऱ्या पाहुण्यांचा. खोली झाली, शांत झाली, जेवणं झाली, आणि त्या साली गहू पाण्यावाचून करपला. खोली अजून आहे. तिच्यात कडबा ठेवतात.

असल्या माणसाच्या हातात एकोणनव्वद सालच्या फाल्गुनात पार्वतीबाईंचा जीव सापडला. त्यांची एकुलती एक लेक गीता आफ्रिकेत, झांबिया नावाच्या देशात होती. जावई दत्तराव परभणीला शेतीचं शिकलेले. तिकडच्या सरकारनं त्यांना नोकरीला बोलावून नेलं होतं. गीताचं पहिलं पोट चौथ्या महिन्यात पडलं होतं. आता पुन्हा दिवस गेले होते आणि ज्येष्ठात बाळंत व्हायची होती. पहिलं बाळंतपण माहेरचं, हा रिवाज कुणी मोडत नाही. पण डॉक्टरनं विमानात बसायची मनाई केली, तेव्हा दत्तरावांनी लिहिलं की, गीताला माहेरी येता येत नाही, तर माहेरच इकडं पाठवा. मामी, म्हणजे सासूबाई, एकट्या आल्या तरी चालेल. हाताखालचा पंडित नावाचा पोरगा सुट्टीवर परभणीला आला आहे, वैशाखात परत निघेल, तो त्यांना हाताला धरून आणील.

पार्वतीबाईंचा हिशेब तेवढ्यात झाला. एक तिकीट, डिंक, अळीव, बाळंतशोपा आणि जुनी मऊ लुगडी फाडून केलेली दुपटी. याहून जास्त काही त्यांच्या मनात आलं नाही. तिकिटाला पैसा लागतो एवढं त्यांना कळत होतं. त्यांनी ट्रंकेच्या तळातून आईची पुतळ्यांची माळ काढली आणि नवऱ्यापुढं ठेवली.

"ह्याचं तिकीट काढा," त्या म्हणाल्या. "मला बाकी काई नको."

माळ परभणीच्या सराफाकडं गेली. एका माणसाचं जाऊन-येऊन तिकीट निघून वर मुंबईचा खर्च भागेल एवढे पैसे आले. इथं कुठलाही धड डोक्याचा माणूस थांबला असता. किशनराव मात्र लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी आणि पेन्सिल घेऊन ओसरीवर बसले.

बायको परदेशाला जाणार आणि नवरा गोठ्यात शेण काढणार, हे लोकांत कसं दिसेल, ही त्यांची पहिली अडचण. मागच्याच साली गल्लीच्या त्या टोकाचे दिनकरराव जोडीनं काशीला जाऊन आले होते. मग आपणही जोडीनं जायचं. जोडीनं जायचं तर विधवा बहीण धुरपताबाई घरी एकटी ठेवायची का? तिनं बिचारीनं नांदेडच्या पलीकडचं जग पाहिलं नव्हतं. तिकिटं तीन झाली. तिघांनी एवढ्या लांब जायचं आणि बारशाचे घुगऱ्या-पेढे खाऊन परतायचं, हे काही बरं नव्हे. दोन महिने राहायचं. दत्तरावांनी एकदा लिहिलं होतं की तिकडं एक अजस्र धबधबा आहे आणि सिंह मोकळे हिंडतात. बस्स. लेकीचं बाळंतपण मागं पडलं आणि कागदावर धबधबा कोसळायला लागला.

कापसाचा पैसा नुकताच हातात आला होता, त्यामुळं पेन्सिलीला धार होती. दोन सफारी सूट, कारण एकाच सुटातले सगळे फोटो दरिद्री दिसतात. कातडी बॅग. सिंह बघायच्या गाडीचं भाडं. त्या गाडीत पुढं कोण बसणार यावरून बहीण-भावाची दोन दिवस धुसफूस चालली. धुरपताबाईंना मागं बसलं की मळमळतं. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, असला हा प्रकार. पार्वतीबाई आतून ऐकत होत्या आणि डिंक तळत होत्या. पाणीच पडताना बघायचं तर येलदरी धरणाचे दरवाजे उघडल्यावर एसटीनं जाऊन बघता येतं, असं त्यांच्या अगदी ओठावर आलं होतं. पण नवऱ्याला चिडवलं तर तो सबंध बेत नव्यानं मांडायला घेईल, ही भीती.

पासपोर्टाच्या फोटोसाठी तिघं परभणीला गेले त्या दिवशी नामांतराच्या मोर्च्यापायी बाजार बंद होता. दुसऱ्यांदा गेले तेव्हा फोटो निघाले. त्यासाठी किशनराव उन्हात नवा सूट घालून एसटीत बसले होते. घामानं सुटाचा रंग गळपट्टीवर उतरला. तो सूट मग कागदावर पुन्हा एकदा लिहिला गेला.

इतकंही चाललं असतं. पार्वतीबाई पुढं अनेकदा म्हणायच्या, सिंह परवडले असते, माणसं परवडली नाहीत. किशनराव परदेशी निघाले ही बातमी पसरली आणि सोयरेधायरे आहेर घेऊन यायला लागले. टॉवेल-टोपी, पातळ, खण. काशीला निघालेल्याला आहेर करायचा आणि त्यानं परत येऊन मावंद्याचं गावजेवण घालायचं, हे सगळ्यांना ठाऊक. आफ्रिकेला निघालेल्यानं काय करायचं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणी विचारलंही नसतं. पण किशनरावांनी स्वतःच पारावर हा प्रश्न काढला आणि कुणी तोंड उघडायच्या आत स्वतःच उत्तर दिलं. काशी रेल्वेच्या वाटेवर आहे, झांबिया समुद्रापार आहे. दिनकररावांनी तीन गावं जेवू घातली, तर आपल्याला पाच घालावीच लागतील.

आता मावंदं यात्रेहून आल्यावर करतात. पण परत यायचं श्रावणात. तेव्हा चिखल, खुरपणी, कुणाला फुरसत नाही, पंगत बसवायची कुठं? चैत्र-वैशाखात लोक मोकळे असतात, गहू घरात असतो, गूळ स्वस्त असतो. हिशेबात तर चोख बसत होतं. राहिलेली शंका धुरपताबाईंनी मिटवली.

"इमानाचा काय भरोसा," त्या म्हणाल्या. "वाटंत काई झालं तर मावंद्याचं रीन डोस्क्यावर घेऊन मरायचं का?"

म्हणून मावंदं आधी करायचं ठरलं. यात्रेला पाऊल उचलायच्या आधी यात्रेचं उद्यापन! गावात लोक तोंडावर धन्य म्हणाले आणि पाठ फिरली की, आधी पोटोबा मग विठोबा, म्हणून हसले. हसणाऱ्यांपैकी जेवायला यायचं मात्र कुणी चुकलं नाही.

पार्वतीबाईंनी एकदाच अडवून पाहिलं. आधी तिकीट काढा, उरल्या पैशांत काय घालायचं ते घाला, एवढंच त्या म्हणत होत्या. किशनरावांनी त्यांना समजावलं, अगदी लहान लेकराला समजावतात तसं. तिकीट काय, पळून जातं का? विमानं रोज उडतात. पाहुणा एकदा रुसला की सात पिढ्या दारात येत नाही. पार्वतीबाईंना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, की या माणसाला लेकीपेक्षा पंगत जवळची आहे, आणि ते कळल्याचं त्यांना इतकं वाईट वाटलं की त्या गोठ्यात जाऊन रडून आल्या.

वैशाखात मावंदं झालं. मांडव पडला, परभणीहून बँड आला, कर्णा लागला. किशनराव दुसऱ्या सुटात, कपाळाला गंध लावून पंगतीतून फिरत होते आणि वाढप्यांना तुपाचा हात सैल सोडायला सांगत होते. बौद्धवाड्यात निरोप गेला तो आपापली भांडी घेऊन या असा. ते दिवस भांडी घेऊन येण्याचे राहिले नव्हते. तिकडून कुणी फिरकलं नाही. किशनरावांनी तेही हिशेबात जमेलाच धरलं, तेवढी बुंदी वाचली म्हणून. बाकी पाच गावांचं बोलावणं होतं, सात गावांची माणसं आली. दुपारी गहू कमी पडला, बुंदी दोनदा नव्यानं पाडावी लागली, तेलातुपाचे डबे उधारीवर न आणता रोखीनं आणले, कारण मावंद्याला उधारी शोभत नाही. पार्वतीबाई चुलाणाच्या धगीला उभ्या राहून एकेक पात्र उठताना बघत होत्या. मुंबईपर्यंत तरी जाता येईल का, एवढंच त्यांच्या मनात चाललं होतं.

चौथ्या दिवशी पंडित आला. सरळ, कामापुरतं बोलणारा पोरगा. तिकिटाचे पैसे आठवड्यात मुंबईला भरायचे आहेत, असं त्यानं सांगितलं. किशनरावांनी पेटी उघडली, पैसे मोजले, पुन्हा मोजले, आणि पुष्कळ वेळ पेन्सिल कानावर ठेवून बसले. तीन तिकिटांचं तर नावच नव्हतं. एकाच तिकिटाला चार हजार कमी होते.

आणि या घडीला, पुतळ्यांच्या माळेचे पैसे ज्या पेटीत पडून संपले होते तिच्यासमोर बसून, तो गृहस्थ काय म्हणाला असेल? म्हणाला की, चार हजारांची सोय लागलीच तर आधी मी एकटा जाऊन तिकडची व्यवस्था पाहून येतो, बायामाणसांना पुढच्या साली नेऊ. बाळंतपणाची काय व्यवस्था हे पाहून येणार होते, ते त्यांनाच ठाऊक.

पंडितनं सांगितलं की कमी पडतात ते मी घालतो, मामींना पाठवा, साहेब तिकडं मला देतील. पार्वतीबाई दाराआड उभ्या होत्या. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला, जणू आत्ताच निघायचं होतं. पण किशनराव ताठ झाले. परवा सात गावं जेवून गेली, आणि आज जावयाच्या हाताखालच्या पोराकडून बायकोच्या तिकिटाला उसने घ्यायचे? गावात तोंड कुठं दाखवायचं? पार्वतीबाई तेव्हा बाहेर आल्या. परक्या माणसासमोर नवऱ्याशी बोलायची त्यांच्या उभ्या जन्मातली ती पहिलीच वेळ.

"घ्या की वो," त्या म्हणाल्या. "मी पाया पडते तुमच्या. पोरगी एकली हाय."

किशनरावांनी ऐकलं नाही. अब्रूपुढं काही नाही, असं म्हणाले आणि पंडितला चहा घ्यायचा आग्रह करायला लागले. पंडितनं चहा घेतला नाही. जाताना त्याच्याजवळ पार्वतीबाईंनी डिंकाच्या लाडवांचा डबा आणि दुपट्यांचं गाठोडं दिलं. कोणतं दुपटं आधी वापरायचं, शेक कसा द्यायचा, पोट कसं बांधायचं, हे त्या त्याला सांगायला लागल्या आणि मग पुरुष माणसाला काय सांगतोय म्हणून मध्येच थांबल्या.

पुढचा दीड महिना किशनराव झकासच होते. मावंदं झालं म्हणजे यात्रा झाली, असं गावानंही धरून चाललं. बाहेरगावचे लोक त्यांना परदेशवाले म्हणायला लागले, आणि त्यांनी कुणाचं तोंड धरलं नाही. परभणीच्या बाजारात कुणी विचारलं तर धबधब्याचं पाणी कसं धुरासारखं वर येतं हे ते हातवारे करून सांगायचे. एकदा तर सिंहही सांगितला. पार्वतीबाई जेवण वाढायच्या, भांडी घासायच्या, आणि पोस्टमन दिसला की हातातलं काम तसंच टाकून दारात यायच्या.

आषाढात पत्र आलं. आत एक फोटो होता. गीताला मुलगी झाली होती. तीन दिवस कळा दिल्या, बाळंतीण वाचेल असं वाटत नव्हतं. शेजारची एस्तर नावाची बाई, स्वतःची चार लेकरं नवऱ्याच्या स्वाधीन करून, महिनाभर गीताजवळ राहिली. तिनं गीताला अंघोळी घातल्या, मक्याची पेज भरवली, पोट बांधलं. पार्वतीबाईंची दुपटी तिनंच धुतली आणि वाळवली. फोटोत ती काळीसावळी, रुंद तोंडाची बाई मांडी घालून बसली होती आणि तिच्या मांडीवर पोर होतं. मुलीचं नाव एस्तर ठेवलं, असं दत्तरावांनी शेवटी लिहिलं होतं.

धुरपताबाईंनी कपाळावर हात मारला. कोण कुठली, काय धर्माची बाई, आणि तिचं नाव आपल्या रक्ताच्या पोरीला! किशनरावांना नावापेक्षा गावाची काळजी जास्त. थोडा वेळ विचार करून त्यांनी तोड काढली. पारावर नाव पुष्पलता सांगायचं. आणि बारसं तिकडं झालं तरी इकडं लोकांचं तोंड गोड करायलाच हवं. निदान आपल्या गल्लीपुरती पंगत बसवू. त्यांनी फळीवरून पेन्सिल काढली आणि बायकोला विचारलं, की गव्हाचं पोतं एक निघेल का दोन?

पार्वतीबाईंनी फोटो पदरानं पुसला. त्यांचा आवाज चढला नाही.

"नाव बराबर ठेवलं पोरीनं," त्या म्हणाल्या. "ती बाई तिथं व्हती. आपुन हितं जेवत व्हतो."

त्या आत गेल्या. आणि त्या दिवशी घरात चूल पेटली नाही.