रांगेतल्या पिशव्या

रेशनचं दुकान अजून उघडलेलं नाही, पण दारापासून पिंपळापर्यंत रांग लागली आहे. रांगेत माणूस एकही नाही. नंबर धरायला आत दगड घालून ठेवलेल्या रिकाम्या पिशव्या आहेत फक्त. वारा आला की सगळ्या एकदम फुगतात आणि एकदम बसतात, श्वास घेतल्यासारख्या.

"फुकटचं खाऊन आळशी झालेत लोक," शेजारचे काका गॅलरीतून म्हणाले.

पण ते आळशी लोक आहेत तरी कुठं? कुणी धुण्याभांड्याला गेलंय, कुणी विटा वाहायला. घरी बसून खावं एवढं त्या पिशवीत कधी मावलंच नाही.

दुकान उघडलं तशा बायका कामावरून धावत आल्या. रांग सरकू लागली. एक निळी पिशवी मात्र मागची बाई पायानं हळूच पुढं ढकलत होती. ती गंगूची. गेल्या खेपेला धान्य आलंच नाही, म्हणून गंगू पिशवी तिथंच ठेवून बांधकामावर गेली आणि परांचीवरून पडून मेली. अख्ख्या वस्तीला हे ठाऊक आहे.

"निळी पिशवी कुणाची?" दुकानदार ओरडला.

"गंगूची," मागची बाई म्हणाली. "कामावर गेलीय. येईल."

वारा केव्हाच पडला होता. निळी पिशवी तेवढी फुगली.