चौदा नंबरची विहीर

पाण्याचा नमुना घ्यायला गेल्या की वनिताताई आधी त्या विहिरीचं ओंजळभर पाणी पीत, मगच बाटली भरत. प्रकल्पाच्या नियमात हे बसत नव्हतं. मी हटकलं तर म्हणाल्या, "सर, मी नाई पेली अन् बाटली भरली तं लोक म्हनतीन, इच्या मनात पाप हाय. मंग कोन भरू देईन?"

केळझरपलीकडे त्यांचं गाव. विहिरींचं पाणी आणि लोकांचे किडनीचे आजार यांचा संबंध प्रकल्पात शोधला जात होता. पुण्यातल्या रसायनशास्त्रज्ञ बाई, बंगळुरूचे संख्याशास्त्रज्ञ, वर्ध्याचे डॉक्टर आणि गावोगाव हिंडणाऱ्या वनिताताई. इतक्या लांबची, वेगवेगळ्या विषयांची माणसं एकत्र काम कसं करतात, याचा अभ्यास करणारा मी. फक्त ऐकायचं आणि टिपायचं. मध्ये बोललं तर म्हणे अभ्यास बिघडतो. मला ही अलिप्त भूमिका फार आवडायची, खोटं कशाला सांगू!

दर मंगळवारी ऑनलाइन बैठक. रेंज मिळते म्हणून वनिताताई शाळेच्या ओट्यावर बसत. सगळ्यांचं इंग्रजी संपलं की त्यांचा ठरलेला प्रश्न, "आता मले सांगा, गावात जाऊन काय सांगू?" सगळे हसत. आता तो प्रश्न विचारायला त्या नाहीत, आणि हसूही कुणाला येत नाही.

एकदा रसायनवाल्या बाईंनी चौदा नंबरची विहीर तक्त्यात लाल केली. तिच्या पाण्यातल्या विषारी घटकाचा आकडा बाकीच्यांपेक्षा इतका वेगळा होता की बंगळुरूच्या गृहस्थांनी मोजणीतली चूक समजून ती ओळच वगळली. डॉक्टरांकडे गेला तो हा साफ तक्ता. डॉक्टर गावाला कळवतील असं बाईंनी गृहीत धरलं, आणि डॉक्टरांना कळवण्यासारखं काही दिसलंच नाही. कुणीही कामचुकार नव्हतं. मी मात्र सगळं पाहिलं होतं. वहीत लिहिलं, 'उत्तम उदाहरण', आणि खाली दोन रेघा ओढल्या.

आठवड्याभरात वनिताताईंचा फोन. "सर, माया वस्तीतली चौदा नंबरची विहीर यादीत दिसून नाई राह्यली."

"येईल शेवटच्या अहवालात."

"तवरोक पेत राहू मंग?"

मी ते हसण्यावारी नेलं.

अहवालाच्या आधी वनिताताईच डायलिसिसवर गेल्या. मग माझी वाचा फुटली, आणि विहीर दोन दिवसांत बंद झाली. त्याच पाण्यानं झालं का, हे डॉक्टर आजही छातीठोकपणे सांगत नाहीत. मी वही घेऊन दवाखान्यात गेलो. वनिताताईंनी ते पान सावकाश वाचलं.

"तुमी तं सारंच लिहून राह्यले होते, सर. मंग बोलले काऊन नाई?"

"माझं काम तेवढंच होतं," मी म्हणालो. हे वाक्य मला अजून झोपू देत नाही.

त्या रागावल्या नाहीत. वही मिटून माझ्या हातात दिली.

"माया दोन्ही पोरीबी तेच पानी पेल्या," त्या म्हणाल्या. "त्याईले तपासाले कधी आनू, तेवढं तं सांगा."