मॅडमचा गाजलेला पेपर

आमच्या मॅडमच्या संशोधनाचा उल्लेख दुसऱ्या कुणी आपल्या पेपरात केला की मॅडमच्या कपाळाला आठी पडायची. विभागातले बाकीचे प्राध्यापक आपली सायटेशन, म्हणजे असे उल्लेख, क्रिकेटच्या स्कोअरसारखी बघत. मॅडमचा आकडा सगळ्यांत मोठा आणि आनंद सगळ्यांत कमी. "नाव घेतलंय खरं, पण वाचलाय का, ते बघू दे आधी," असं म्हणून त्या तो परका पेपर तळटिपांसकट वाचून काढत. न वाचताच नाव घेतलेलं दिसलं की दुपारचा चहा तसाच गार व्हायचा.

माजिवड्याजवळच्या आमच्या प्रयोगशाळेत त्या कल्याणहून यायच्या आणि खांद्यावरची पर्स काढायच्या आत विचारायच्या, "परत करून बघितलंस?" प्रयोग फसला तर परत करायचा, आणि जमला तर हमखास परत करायचा. मी पीएचडीला लागले तेव्हा या वाक्याने माझं डोकं उठायचं.

त्यांचा तो मोठा आकडा मुख्यतः एकाच पेपरचा होता. तोंडाच्या कर्करोगाच्या पेशींमधलं एक प्रथिन बंद केलं की पेशींची वाढ थांबते, असं त्यात दाखवलं होतं. माझा प्रबंधही त्यावरच उभा होता, आणि नव्या पेशी मागवून तोच प्रयोग करताना तो मला काही केल्या जमेना. चूक माझीच असणार असं धरून मी रोज रडकुंडीला यायचे. शेवटी मॅडमनीच त्यांच्या जुन्या, गोठवून ठेवलेल्या पेशी बाहेर काढल्या आणि डीएनए तपासणीला पाठवल्या. अहवाल आला. त्या पेशी तोंडाच्या नव्हत्याच. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पेशी कधीतरी त्यांत मिसळल्या होत्या आणि मूळच्या पेशींना संपवून सगळी बाटली बळकावून बसल्या होत्या. आमच्या क्षेत्रात असं होतं. मॅडमच्या हातून होईल असं मात्र कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

नेमकी पुढच्या आठवड्यात त्यांची पूर्ण प्राध्यापकपदाची मुलाखत होती, आणि निवड त्या पेपरच्या जोरावरच होणार होती. विभागप्रमुखांनी दार लावून घेतलं आणि मुलाखत होईस्तोवर थांबा, मग खुशाल पेपर मागे घ्या, असं आम्हा दोघींना समजावलं. खोटं बोला असं ते म्हणत नव्हते, नुसतं थांबा म्हणत होते. मला तर ते पटलंही. मॅडमनी नुसता अहवाल उचलून पर्समध्ये घातला.  त्यानंतर मॅडम आल्यावर "परत करून बघितलंस?" असं विचारत नव्हत्या, आणि ते न विचारणं मला सोसवत नव्हतं.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी त्यांनी मला शेजारी बसवलं. पेपर मागे घेत असल्याची संपादकांना लिहिलेली मेल स्क्रीनवर तयार होती.

"मॅडम, उद्याचा एक दिवस तर जाऊ द्या," मी म्हटलं.

"अगं, उद्या ते याच पेपरबद्दल विचारणार. मी काय सांगू त्यांना?"

त्यांनी बटण दाबलं. मेल गेली. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुला सगळं पहिल्यापासून करावं लागेल. मला त्याचं जास्त लागतंय."

पद दुसऱ्याच कुणाला मिळालं. मॅडम सहयोगी प्राध्यापक म्हणूनच निवृत्त झाल्या. पण मागे घेतलेला पेपरही लोक न बघता वापरत राहिले, आणि मॅडम कल्याणच्या घरून एकेकाला मेल लिहीत राहिल्या की कृपा करून यावर विसंबू नका, आपल्या पेशी तपासून घ्या. बहुतेकांनी उत्तरही दिलं नाही. मी आता स्वतः शिकवते. माझे विद्यार्थी माझ्या 'परत कर'ला वैतागतात आणि मला ते आवडतं.

गेल्या महिन्यात मॅडमचा फोन आला. आवाज इतका खुशीत होता की मला वाटलं, कसला तरी पुरस्कार मिळाला.

"ऐक," त्या म्हणाल्या, "या वर्षी त्या पेपरचं नाव कुणीही घेतलेलं नाही."

पद हुकलं तेव्हा मी त्यांच्यासमोर डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. त्या दिवशी मात्र फोन कानाला धरूनच मी रडले.