देवरावचा कोळसा

देवराव गेल्याचा फोन आला तेव्हा मी आदिलाबादच्या घरी पेपर वाचत बसलो होतो. फोनवर त्याचा मुलगा गजानन होता. "काका, बाबा गेले," एवढंच तो म्हणाला, आणि मी मूर्खासारखं विचारलं, "कुठं?" सकाळी वावरात जायचं म्हणून देवराव चपला घालायला ओट्यावर बसला, तो तसाच भिंतीला टेकला. कोणाला काही करायला त्यानं वेळच दिला नाही. आज दीड महिना होत आला. लिहायला इतके दिवस का लावले, असं कोणी विचारलं तर खरं उत्तर हे, की मला त्याला एक गोष्ट सांगायची होती आणि ती राहून गेली. चार वर्षं ती माझ्या पोटात होती. आळस म्हणा, संकोच म्हणा... खरं म्हणजे भीतीच.

गावातल्या मराठी शाळेत आम्ही दोघं एकाच पट्टीवर बसायचो. माझे वडील त्याच्या वडिलांकडे सालदार होते. त्यांच्या घरी मला पाणी वरून ओतून मिळायचं, आणि देवराव बाहेर येऊन मुद्दाम माझ्यासारखीच ओंजळ धरायचा. यावरून त्यानं घरी मार खाल्ला, पण सवय सोडली नाही. सातवीनंतर तो वखराच्या मागे लागला आणि मी आदिलाबादच्या वसतिगृहात जाऊन तेलुगू शिकलो, पुढे मास्तर झालो. आमच्या सीमेवरच्या गावांत घरी मराठी चालते, व्यापाऱ्याशी हिंदी, आणि सरकारचा कागद येतो तो मात्र तेलुगूत. त्यामुळे मी रविवारी गावी गेलो की कोणी ना कोणी कागद घेऊन उभा असायचा. सगळ्यात जास्त कागद देवरावचे. चहा होईपर्यंत तो कागद हातात देत नसे, आणि एकदा दिला की मांडी घालून, मान वाकडी करून ऐकत बसे.

मला मात्र एक खोड होती. जन्मभर पोरांना सारांश लिहायला शिकवलेला माणूस मी. कागदावरून नजर फिरवायची आणि चार वाक्यांत मतलब सांगून मोकळं व्हायचं. देवराव कुरकुरायचा. "पूरा वाच न मास्तर. काऊन तोडून राह्यला?" मी म्हणायचो, "कामाचं तेवढं सांगितलं, बाकी सरकारी फापटपसारा." लपवून काय करू, मला त्यात बरं वाटायचं. सालदाराचा पोरगा सांगतो आहे आणि मालकाचा पोरगा ऐकतो आहे, हे सुख मी तीसेक वर्षं गुपचूप भोगलं.

अशाच एका रविवारी त्यानं एक घडीचा कागद पुढे केला. इचोड्याला शेतकऱ्यांची बैठक झाली होती, तिथं वाटलेला. विषय बायोचारचा. कापूस वेचून झाला की आमच्याकडे पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, उपटून बांधावर, धुऱ्यावर पेटवून देतात, राख वाऱ्यावर जाते. त्याऐवजी त्या खड्ड्यात, कमी हवेत जाळून त्यांचा कोळसा करायचा आणि तो मातीत मिसळायचा, म्हणजे माती ओल धरते, खत धरते, आणि दोन-चार वर्षांत खताच्या थैल्या कमी लागतात, असं त्यात होतं. देवरावच्या वाट्याला आलेलं चार एकर वावर निव्वळ बरड. पाऊस पडला की पाणी खाली आणि युरिया नाल्यात. त्याचे डोळे चमकले. खड्डा कसा खणायचा, कसा पेटवायचा, केव्हा विझवायचा, सगळं मी सांगितलं. तेवढ्यात फाट्यावर बसचा हॉर्न वाजला. मी कागद घडी करून त्याच्या हातात दिला आणि उठता उठता म्हणालो, "बस, एवढंच. कोळसा कर अन् वावरात टाक."

त्यानं तो इतका मन लावून केला की पाहत राहावं. खड्डा वर रुंद, खाली निमुळता. वारा पडलेला असेल अशा सकाळी तो तळाशी जाळ करी आणि पऱ्हाट्यांचे थर एकावर एक टाकत जाई. वरच्या थराच्या कडेला पांढरी राख दिसू लागली की लगेच पुढचा थर. शेवटी पाणी. ते केव्हा ओतायचं हे तो डोळ्यांपेक्षा कानांनी ठरवी. "तडतड थांबली का ओतायचं," म्हणे. विझलेला तुकडा उचलून दगडावर वाजवी. खण्ण वाजला तर पास, भद्द वाजला तर परत खड्ड्यात. त्या दिवसांत त्यांच्या घरातल्या प्रत्येक कपाच्या कानावर काळी बोटं उमटलेली असत, आणि वहिनी म्हणत, "यायले धुऊन धुऊन माह्या हाताची रेषा गेली."

मृगाआधी त्यानं दोन एकरांत तो कोळसा पसरला आणि कागदावर भरवसा ठेवून खत निम्म्यावर आणलं. श्रावणात त्या दोन एकरांतली कपाशी पिवळी पडली. बाकीची हिरवीगार, आणि तेवढाच तुकडा कावीळ झाल्यासारखा, तोही रस्त्याला लागून. येणारेजाणारे थांबून विचारत, "देवराव, वावराले काजळ लावलं काय?" खर्च वाचवायला निघालेल्या माणसाला युरियाच्या दोन फेऱ्या जास्त द्याव्या लागल्या. पीक कसंबसं हाती आलं. मला तो एवढंच म्हणाला, "पयलं साल हाय. जमीन शिकून राह्यली."

त्याच सुमारास आमच्या शाळेत त्याच कागदांचा गठ्ठा आला. मधल्या सुट्टीत सहज एक उचलला, उलटा केला... मागच्या बाजूला चौकटीत ठळक अक्षरांत छापलं होतं: कोरा कोळसा जमिनीत टाकू नये. आधी शेण-गोमूत्राच्या पाण्यात पंधरा दिवस मुरवावा. नाहीतर तो पिकाच्या वाट्याचं खत स्वतःच शोषून घेतो. डबा समोर उघडा होता. मी तो तसाच बंद केला.

पुढच्या रविवारी गावी गेलो तो ठरवून, की सांगून टाकायचं. आणि ओट्यावर बसल्यावर तोंडातून निघालं ते असं, "देवराव, आमच्या शाळेतला एक मास्तर सांगत होता, कोळसा आधी शेणपाण्यात मुरवावा लागतो म्हणे."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "असं काय? किती दिवस?"

"पंधरा."

"बरं झालं सांगतलं तू," तो म्हणाला, आणि वहिनींना चहा टाकायला सांगितलं.

पुढच्या हंगामात मुरवलेला कोळसा पडला. तिसऱ्या वर्षी बरडाचा रंग काळवंडला, पावसानं ताण दिला तरी बोटभर खाली ओल सापडू लागली, आणि खताच्या थैल्या निम्म्या झाल्या. काजळावरून हसणारेच आता खड्डा बघायला येत. देवराव प्रत्येकाला आधी शेणाचा ड्रम दाखवी आणि माझ्याकडे बोट करून सांगे, "हे मास्तरनं सांगतलं. नाई तं मी बुडलोच होतो." चारचौघांत हे ऐकताना मी जमिनीकडे बघत असे. लोकांना तो माझा विनय वाटायचा.

गेल्या रविवारी मी गावी गेलो. वहिनी ओट्यावर तूर पाखडत होत्या. मी सगळं सांगून टाकलं. मागची बाजू, बस, शाळेतला तो नसलेला मास्तर, सगळं. त्यांचं सूप थांबलं नाही.

"मले माईत हाय," त्या म्हणाल्या. "त्याईले बी माईत होतं. श्रावणातच इचोड्याच्या खताच्या दुकानात जाऊन त्याईनं तो कागद पूरा वाचून घेतला. तुमी सांगाले आले, तवा मागं ड्रम भरून आठ दिस झाले होते. तुमाले फाट्यावरून येतानी पाह्यलं, अन् पयले धावत जाऊन त्यावर ताडपत्री टाकली."

"मग बोलला का नाही, वहिनी?"

"मी बी तेच म्हटलं. तं म्हणे, मास्तरले समजलं का मले माईत हाय, तं तो लाजंल. मंग कागद वाचाले येणार नाई."

सूप खाली ठेवून त्या आत गेल्या. मी तिथंच बसून होतो, आणि बऱ्याच वर्षांनी मला रडू आलं. त्या बाहेर आल्या तेव्हा एका हातात चहा होता आणि दुसऱ्या हातात तेलुगूतला एक कागद. वावर वहिनींच्या नावावर चढवण्याचा, विरासतीचा. मंगळवारीच आलेला. गजाननला तो कोणत्याही दुकानात वाचून घेता आला असता, पण वहिनींनी नेऊ दिला नव्हता. माझा चहा होईपर्यंत त्यांनी कागद हातात दिला नाही.

मग मी वाचायला लागलो. वरचा क्रमांक, मंडलाचं नाव, अर्जदार, मयत, सर्व्हे नंबर, चतुःसीमा, सूचना, सगळ्यात खालची बारीक ओळसुद्धा. कुठंही तोडलं नाही. अर्धा तास लागला. शेवटी पान उलटलं. मागची बाजू कोरी होती. तीही वहिनींसमोर धरली आणि म्हणालो, "इथं काही नाही. पाहून घ्या."